डब्याच्या तळाचे तेल

त्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, खाटेच्या वर, एक फळी टांगलेली होती. तिच्यावर साबणाच्या वड्या वाळत ठेवलेल्या असत. त्या वाळत होत्या असे मात्र म्हणता येणार नाही. हवेत इतकी ओल होती की वड्यांच्या अंगावर घामासारखे थेंब धरत, ते फळीच्या कडेला जमत आणि तिथून खाटेवर पडत. फळी जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी बांधली होती. पट्ट्या भिजून सैल पडत आणि फळी एका बाजूला कलंडे. माझी बायको ती येता-जाता सरळ करी. त्याबद्दल ती काही बोलत नसे. बोलली की नेमके बोले.

साबण माझी थोरली बहीण करत होती.

ताईला मूलबाळ नव्हते. नवरा गेल्यावर ती दोन वर्षे कोकणात सासरी राहिली आणि माघात आमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आली ती परत गेली नाही. सासरी सासू अंथरुणाला खिळलेली होती, धाकटी जाऊ सतत आजारी असे. शिवाय गुरे, चूल, विहीर. दीर वाईट माणूस नव्हता. त्याला घरात राबणारे माणूस हवे होते आणि त्याच्या दृष्टीने ताई त्या घरचीच होती. वैशाखात गावचा एकजण त्याचा निरोप घेऊन आला. आता पावसात बोटी बंद होतील; गणपतीनंतर चालू झाल्या की मी वहिनीला न्यायला येतो, असा तो निरोप होता. ताईने त्याच माणसाबरोबर उलट निरोप दिला: तोवर मी इथे माझ्यापुरते मिळवू लागले तर येणार नाही, नाही जमले तर मुकाट्याने येईन.

हे तिने मला न विचारता सांगितले होते. कळल्यावर मी म्हणालो, "तू इथे राहिलीस तर आम्ही काय नको म्हणणार आहोत?"

"तू नको म्हणणार नाहीस. ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण कुणाच्या तरी जिवावरच राहायचं तर तिकडे काय वाईट? तिकडे निदान आंबे तरी आहेत."

त्या वर्षी आमच्या भागात एका बालवाडीच्या जागेत बायकांसाठी गृहउद्योगाचे वर्ग भरत. ताई तिथे साबण शिकली. कॉस्टिक सोड्याचे पाणी करायचे, ते निवू द्यायचे, कोमट तेलात बारीक धारेने सोडायचे आणि एकाच दिशेने ढवळत राहायचे. मिश्रण आधी कढीसारखे होते, मग पिठल्यासारखे. पिठले झाले की लाकडी साच्यात ओतायचे, पोत्याने झाकायचे, दुसऱ्या दिवशी तारेने कापायचे आणि वाळू द्यायचे. वर्गातला साबण पांढराशुभ्र झाला होता. पुढे सगळा पावसाळाभर ती हेच सांगत राहिली, की वर्गातला पांढरा झाला होता.

गिऱ्हाईक तिने आधीच शोधून ठेवले होते. मुलुंडला मुलींचे एक वसतिगृह होते. तिथल्या अधीक्षक बाईंना कपडे धुण्याचा साबण बारा महिने लागे आणि बाजारच्या साबणावर त्यांचा राग होता. नमुना आणा, बघू, असे त्या म्हणाल्या होत्या. ते एक काम मिळाले असते तर ताईचे भागले असते.

पहिला घाणा राखेच्या रंगाचा निघाला. ताईने कॉस्टिक जर्मनच्या पातेल्यात कालवले होते. ॲल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मनच म्हणत. पाणी घालताच ते फसफसले, खोलीभर वाफ झाली आणि आम्ही तिघे खोकत गॅलरीत आलो. नंतर पातेले धुतले तेव्हा त्याचा तळ खरवडल्यासारखा झाला होता. पातेले माझ्या बायकोच्या माहेरचे होते.

ती ते उजेडात धरून म्हणाली, "वन्सं, पातेलं साबणात गेलं म्हणायचं."

"नवीन घेऊन देईन," ताई म्हणाली.

"घेऊन द्या. पण साबणाची किंमत लावताना पातेलं धरा."

चूक समजण्यासारखी होती आणि सुधारण्यासारखीही. वर्गात इनॅमलची बादली वापरत. ताईने तशी बादली आणली आणि तिला वाटले, आता संपले.

तेल एक माणूस सायकलवरून आणून देई. तो दर सोमवारी येई. त्याचा भाव दुकानापेक्षा बराच उतरता होता आणि तो न मिळता तर ताईचा सगळा बेतच कोसळला असता. तेल थोडे तांबूस असे. ताईने विचारले तेव्हा तो म्हणाला, "घाणीचं तेल असंच असतं, ताई. पांढरं पाहिजे तर डब्यातलं घ्या, कंपनीचं. त्यात काय असतं ते कंपनीला ठाऊक."

डबा उघडला की बायको म्हणे, "ह्याला देवळासारखा वास येतो."

"बरं आहे की," ताई म्हणे.

इनॅमलच्या बादलीतला साबण राखेच्या रंगाचा झाला नाही. तो तांबडा झाला. केशरी म्हणता येणार नाही आणि विटकरीही नाही. लाकडात खिळा गंजला की भोवती जो रंग धरतो, तसा. सगळीकडे सारखा नव्हता; कुठे फिका, कुठे शिंतोडे उडाल्यासारखा. शिवाय तो रवाळ होता. हात फिरवला की वाळूसारखे लागे. तारेने कापताना कचकच आवाज येई आणि वडीची कड भुगा होऊन पडे. ताईने त्यातल्या त्यात बऱ्या वड्या निवडून मुलुंडला नेल्या. पेटी धरायला मी बरोबर होतो. माझी पाळी दुपारची असे. एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि सकाळी मोकळा असे.

अधीक्षक बाईंनी वडी नाकाशी नेली, नखाने खरवडली आणि एका जुन्या अभ्र्यावर घासून पाहिली. अभ्र्यावर फिकट डाग राहिला. त्या म्हणाल्या, "आमच्या मुलींची पोलकी पांढरी असतात, बाई. ह्यानं धुतली तर वसतिगृहाचा मठ होईल."

ताई हसली नाही. बाईंच्या ते लक्षात आले असावे. "आणखी एकदा आणा," त्या म्हणाल्या. "पण मग त्याच्यापुढे नाही. मलाही कुठंतरी ठरवून टाकायला हवं."

इथून पुढचे आठवडे आठवले की मला आधी थकवा आठवतो, मग बाकीचे. साबण बिघडण्याचा त्रास असा की आज केलेली चूक उद्या दिसते आणि कधी कधी वडी वाळू लागल्यावर दिसते. तोवर दुसरा घाणा साच्यात पडलेला असतो. ताईच्या बोटांची कातडी सोलली होती. ती रात्री हातांना खोबरेल लावून झोपे आणि सकाळी पुन्हा कॉस्टिक मोजायला बसे. वड्या फुकट जात होत्या, तरी टाकून देववत नव्हत्या. एखादी मोरी धुवायला जाई, बाकीच्या खाटेखाली पोत्यात साठत गेल्या.

मी तिला एवढेच सुचवले होते की एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कशाने झाले ते कळणार नाही. ती म्हणाली, "पेपरवाल्यांना वेळ असतो."

पण तिने तसेच केले. पहिला संशय पाण्यावर आला. नळ थोडाच वेळ येई, म्हणून ती मागच्या विहिरीचे पाणी घेत असे. आमच्या पूर्वेला मिठागरे होती आणि विहिरीचे पाणी मचूळ होते. पाण्यात मीठ असेल तर साबण भुसभुशीत होतो, असे वर्गात सांगितलेले होते. तिने नळाचे पाणी भरून ठेवले. त्याच आठवड्यात तेलाचा नवा डबा आला होता. त्या पाण्यातला पहिला घाणा जवळजवळ पांढरा निघाला. ताईने शेजारी पेढे नाही, पण साखर वाटली.

दुसरा घाणा तांबडा झाला. पाणी तेच होते.

मग कॉस्टिकची पाळी आली. पावसाळी हवेने त्याचे खडे चिकटून गोळे झाले होते. तिने नवे आणले, बरणीत ठेवले, बरणीच्या तोंडाला मेण लावले. काही फरक पडला नाही.

मग भांडण झाले. ताई ढवळायला जो लाकडी डाव वापरी तो पूर्वी आमटीचा होता. एका सकाळी कापलेल्या वडीकडे बघत ती माझ्या बायकोला म्हणाली, "ह्या डावात तुझी हळद मुरलेली आहे. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं. कुंकू तसंच करतात. हे त्यातलंच आहे."

बायको पोळ्या करत होती. तिने लाटणे खाली ठेवले. "म्हणजे साबण बिघडला तो माझ्या आमटीनं?"

"आमटीनं नाही म्हटलं मी. डावानं."

"डाव काय आपल्या पायांनी साबणात गेला? तुम्हीच नेलात."

"अगं, मी तुला बोल लावत नाहीये."

"लावा की. पातेलं गेलं, डाव गेला, आता मी राहिलेय."

मी मध्ये पडलो नाही. बायकोनेच निकाल लावायचे ठरवले. तिने काचेच्या वाटीत चिमूटभर हळद घेतली, ताईच्या बादलीतले कॉस्टिकचे चमचाभर पाणी त्यात घातले आणि वाटी खिडकीत ठेवली. हळद बघता बघता लाल झाली. अगदी ताज्या कुंकवाचा रंग होता. तिघांच्याही तो रंग लक्षात आला. ताईने कपाळावरचा घाम पदराने पुसला. बायको एकदम म्हणाली, "राहू दे ते, जेवून घ्या."

तिने वाटीतले पाणी थोड्या साबणाच्या भुग्यात मिसळून ते तसेच ठेवून दिले. दोन-तीन दिवसांत त्याचा लाल रंग उतरून मळकट पिवळा झाला. फळीवरच्या वड्यांचा रंग मात्र उतरत नव्हता, पहिल्या दिवशी होता तसाच होता. हळद सुटली. ताईने बायकोला "चुकलं माझं" असे म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तिने पोळ्या लाटायला घेतल्या आणि बायकोला उठू दिले नाही. तेवढ्यावर मिटले.

श्रावण लागला आणि साबण आणखी बिघडला. रंग गडद झाला, रवा जाड झाला. ताईने ऋतूला दोष दिला, मीही दिला. दुसरे काही उरले नव्हते.

ताई दर शनिवारी सकाळी मारुतीला जाई. स्टेशनच्या रस्त्याला एक देऊळ होते. ती छोट्या वाटीत तेल, पुडीत थोडे उडीद आणि मीठ, आणि रुईच्या पानांची माळ नेई. साडेसाती असलेले नेतात, नसलेलेही नेतात. त्यात विशेष काही नव्हते. देवळात शनिवारी रांग असे, श्रावणात तर रस्त्यापर्यंत. ती परत आली की बायको विचारी, "काय मागितलंत?" ताईचे उत्तर ठरलेले असे: "आणखी काय मागणार? साबण नीट होऊ दे."

श्रावणातल्याच एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि ताई वड्या कापत होती. एका साच्यातल्या वड्या बऱ्या होत्या, दुसऱ्यातल्या वाईट. पाणी एक, कॉस्टिक एक, बादली एक, डावही नवा. मी विचारले, "ह्या दोहोंत फरक काय?"

"काही नाही. तेल एकाच डब्यातलं आहे. हा परवा केला, हा काल."

"म्हणजे हा डब्याच्या वरच्या तेलाचा, आणि हा खालच्या?"

ती थांबली. आतापर्यंत नवा डबा उघडला की साबण सुधारे आणि डबा संपत आला की बिघडे, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवले असावे. पाणी बदलले तेव्हा सुधारलेला घाणा नव्या डब्याचा होता. ती तार पुन्हा ओढू लागली. तार मध्येच अडली. तिने जोर केला, वडी दुभंगली आणि कापलेल्या भागावर एक काळा ठिपका दिसला. तिने तो नखाने उकरून तळहातावर घेतला. तो फुगून मऊ झालेला उडदाचा दाणा होता.

ती उठली. डबा मोरीत नेला, तोंडावर माझा जुना पंचा बांधला आणि डबा पालथा केला. तेल झिरपून गेल्यावर पंचावर चमचाभर गाळ राहिला. त्यात चार-सहा उडीद होते, पानाचा एक तुकडा होता, काही पांढरे खडे होते. बाकी सगळा चिखल शेंदरी होता. ताईने एक खडा बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थुंकून टाकला.

"मीठ," ती म्हणाली.

बायको चुलीपासून उठून आली होती. तिने पंचाकडे पाहिले आणि तिला सांगावे लागले नाही. मारुतीच्या अंगाला शेंदूर असतो, शनिवारी त्याच्यावर तेल घालतात, बरोबर उडीद आणि मीठ वाहतात, आणि ते सगळे खाली पन्हळीतून डब्यात जमते. तेलवाला सोमवारी येत होता. श्रावणात तेल जास्त वाहिले जाते.

"अगं बाई," बायको म्हणाली. "आणि आपण ह्यानं मोरी धुतली."

ताई मोरीच्या उंबऱ्यावर बसली. तिला हसू येते आहे की काय असे मला वाटले, पण तसे नव्हते. ती शांतपणे म्हणाली, "दर शनिवारी मी तेल घालते आणि साबण नीट होऊ दे म्हणते. सोमवारी तेच तेल माझ्याकडे परत येतं आणि साबण बिघडवतं. मारुतीनं तरी काय करावं?"

मी कामावर निघालो तेव्हाही ती उठलेली नव्हती.

सोमवारी तेलवाला आला. ताईने त्याच्यापुढे तळहात धरला. तळहातावर उडीद होते.

"हे काय आहे?"

तो बघून म्हणाला, "उडीद आहेत, ताई."

"ते मलाही दिसतंय. तेलात कुठून आले?"

त्याने सायकल भिंतीला टेकवली. खोटे बोलायचे की नाही याचा त्याने थोडा विचार केला आणि मग तो सरळ म्हणाला, "देवळातलं आहे. पुजारी देतात, मी उचलतो. नाहीतर गटारात जातं, ताई. इतकं तेल, लोकांनी घातलेलं. वाईट काय आहे त्यात? देवाचं आहे, उलट पवित्र."

"पवित्र आहे म्हणूनच विचारतेय," आतून बायको म्हणाली. "लोक ह्यानं लंगोट धुणार."

"वहिनी, देव काय लंगोटाला नाही म्हणतो? मारुतीच तो." मग ताईकडे वळून तो म्हणाला, "दुहेरी फडक्यातून गाळून देतो. उकळत्या पाण्यात धुऊन देतो, मीठ निघून जाईल. भाव तोच."

ताईने ह्यावर विचार केला. बायकोची अपेक्षा होती की ती पापाचे बोलेल. मलाही तसेच वाटले होते. पण ती म्हणाली, "उडीद गाळून जातील. मीठ धुऊन जाईल. शेंदूर किती येईल ते तू सांगशील?"

"ते कसं सांगणार? ज्याची जशी भक्ती."

"तेच म्हणते. ह्या शनिवारी लोक काय वाहतील, पुढच्या शनिवारी काय वाहतील, हे माझ्या हातात नाही. एक वडी पांढरी आणि एक तांबडी, असं मला मुलुंडला देता येणार नाही. तू मला घाणीचं आण. खरोखरीचं घाणीचं. महाग पडलं तरी चालेल, थोडं आण."

"परवडायचं नाही तुम्हाला," तो म्हणाला. तो रागाने नाही, काळजीने म्हणत होता.

"बघू."

शेंदरात शिसे असते, हे मला फार पुढे, छापायला आलेल्या एका मजकुरातून कळले. तेव्हा आम्हा कोणालाच ते माहीत नव्हते. ताईने ते तेल नाकारले ते बरेच झाले, पण तिचे कारण ते नव्हते. तिचे कारण पापाचेही नव्हते. सारखा साबण हवा असेल तर सारखे तेल हवे, इतकेच होते.

नव्या तेलाचा तिने एकच घाणा केला. त्याहून जास्त करण्याइतके तेल नव्हते. पिठले झाल्यावर साचा भरला, पोते घातले आणि पोत्यावर माझा कोटही घातला, कारण वर वारा लागला की पांढरी भुकटी धरते. दुसऱ्या दिवशी पोते काढले तेव्हा साबण पांढरा होता. शुभ्र नव्हता, सायीचा रंग असतो तसा. वर थोडी भुकटी होतीच, ती तिने सुरीने खरवडली. तार न अडता गेली. कापलेली बाजू मऊ होती, तिच्यावरून बोट घसरत होते. बायको म्हणाली, "झकास झालाय, वन्सं." ताई म्हणाली, "वाळू दे. वाळल्यावर बोल."

पण वाळायला वेळ मिळाला नाही. गणपती झाले, बोटी सुरू झाल्या आणि दीर आला. तो भाऊच्या धक्क्यावरून थेट आमच्याकडे आला, बरोबर नारळ, कोकम आणि काथ्याचा एक लांब दोर घेऊन. दोर ताईची ट्रंक बांधायला आणला होता. तो त्याने दाराशी गुंडाळी करून ठेवला.

"वयनी, बरा मा?" त्याने विचारले. "आवस रोज नाव काढता तुमचा." आवस म्हणजे त्याची आई, ताईची सासू.

ताईने त्याला पाय धुवायला पाणी दिले, चहा दिला. तो खाटेवर बसला, वर बघून म्हणाला, "ह्यां काय टांगलास?"

"साबण आहे, भावोजी."

"इकत घेतलो?"

"मी केला."

त्याने एक वडी हातात घेऊन उलटसुलट केली. ती अजून मऊ होती, त्याच्या बोटांचे ठसे तिच्यावर उठले. त्याने ती जपून परत ठेवली. बोट परवा होती. जाणार की नाही, हे त्याने विचारले नाही, आणि ताईनेही सांगितले नाही. आधीचा निरोप दोघांनाही पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडला गेलो. ताईने वड्या केळीच्या पानात गुंडाळल्या होत्या, कागदाला चिकटू नयेत म्हणून. गाडीत ती खिडकीशी बसली आणि भांडुपपर्यंत डोळे मिटून होती.

अधीक्षक बाईंनी मागच्याच अभ्र्याचा दुसरा कोपरा धुऊन पाहिला. स्वतः धुतला, पिळला आणि खिडकीच्या गजावर टाकला. आम्ही तो वाळेपर्यंत बसून राहिलो. आतून मुलींचे पाढे ऐकू येत होते. बाईंनी दुसरे काम काढले, मध्येच मान वर करून विचारले, "आधीचा तांबडा का झाला होता?"

"तेल तळाचं होतं," ताई म्हणाली.

अभ्रा अर्धवट वाळल्यावर बाईंनी तो उजेडात धरला. डाग नव्हता. त्यांनी वडी दाबून पाहिली, अंगठा आत गेला. त्या म्हणाल्या, "साबण चांगला आहे. पण हा ओला आहे. असा दिलात तर आठवड्यात विरघळून जाईल. पुढच्या वेळी नीट वाळवून आणा. पहिल्यापासून सांगते, दर महिन्याला मी हेच सांगत बसणार नाही."

ताई "बरं" म्हणाली आणि उठली. रस्त्यावर आल्यावर तिने मला विचारले, "दर महिन्याला म्हणाल्या ना त्या?"

"म्हणाल्या."

"मला वाटलं, मलाच तसं ऐकू आलं."

घरी दीर जेवायला थांबला होता. ताईने पाटावर बसून त्याला वाढले आणि वाढता वाढता सांगितले, "पुढच्या वेळी वाळवून आणा म्हणाल्या, भावोजी."

तो घास हातात धरून थांबला. मग जेवू लागला. भात संपल्यावर त्याने विचारले, "मगे मी आवशीक काय सांगू?"

आईला काय सांगायचे, हा त्याचा प्रश्न खरा होता. तिकडे आई अंथरुणात होती, बायको आजारी होती आणि बोट उद्याची होती. ताईने त्याला ताक वाढले. "साबण न्या दोन वड्या," ती म्हणाली. "सांगा, मी केलाय. वाळू दे आधी, मग वापरा. आणि मे महिन्यात मी येईन महिनाभर. घर झाडून-सारवून देईन सगळं."

तो ताक भुरकू लागला. ताई मागे भिंतीला टेकून बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला. दिवसा झोपलेली मी तिला तोवर पाहिली नव्हती. बायकोने तिच्या हातातला डाव हळूच काढून घेतला आणि उरलेले ताक स्वतः वाढले.

त्यानंतरच्या शनिवारी ती देवळात गेली ती नुसती रुईची माळ घेऊन. बायकोने विचारले, "तेल नाही नेलंत?"

"नको. कुणाच्या तरी डब्यात जाईल."

खाटेखालच्या तांबड्या वड्यांचे काय करायचे, हा प्रश्न बरेच दिवस होता. त्या टाकवत नव्हत्या आणि मोरीत वापरवत नव्हत्या. बायको म्हणाली, खाडीत विसर्जन करा. मी म्हणालो, विसर्जन गणपतीचे करतात. हिवाळ्यात त्या दगडासारख्या कडक झाल्या आणि बायकोने त्यांनी देवाची भांडी घासायला सुरुवात केली. भांडी चांगली निघत. त्या वड्या वर्षभर पुरल्या.

दीर जाताना काथ्याचा दोर दाराशीच विसरून गेला. विसरला की ठेवून गेला, ते आम्ही कधी विचारले नाही. धोतराच्या पट्ट्या तोवर कुजल्या होत्या. ताईने फळी त्या दोराने बांधली, आणि मग ती कलंडली नाही.